बोरूवरची कात

झबालाचं नाव ऐकून परगावची माणसं हसायची. झबाला म्हणजे केरकचरा. पण बसऱ्याच्या उत्तरेला, बोरूच्या उंच पोकळ देठांनी भरलेल्या त्या अफाट दलदलीत, हौरमध्ये, मुलीला असं नाव ठेवणं हे मायेचंच लक्षण होतं. तिच्या आधीची आईची तीन मुलं अंगावर पीत असतानाच गेली होती. चौथीच्या वेळी आईने ठरवलं, असं नाव ठेवायचं की मरणाने दारातूनच नाक मुरडून परत जावं. बापाचं स्वतःचं नाव जहैश, म्हणजे गाढवाचं शिंगरू, त्यामुळे त्यानेही हरकत घेतली नाही. नावाचा गुण आला म्हणायचा. झबाला साठी ओलांडून जगली. मरणाला तिची आठवण राहिली नाही, तिच्या आसपासच्यांची मात्र नीट राहिली.

शाळेचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं. पण पाणी बघावं तर झबालाने, असं आसपासच्या बेटांवर सगळे म्हणत. म्हशी नव्या डोहात उतरवायच्या आधी पाणी बघावंच लागतं. माणूस मचूळ पाण्याचा एक घोट घेतो आणि थुंकून टाकतो. म्हैस बिचारी दिवसभर त्यातच बसते, तेच पिते, त्यातलाच बोरू खाते. पाणी खारं निघालं तर आधी दूध आटतं, मग डोळ्यांवर सायीसारखा पडदा येतो, आणि मग म्हैस जाते. म्हैस गेली की घर गेलं. हौरमध्ये म्हशीवाचून कुणी राहत नाही, राहूच शकत नाही.

हे पाणी बघणं तिला बापाने शिकवलं. ती तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. दोघं होडीतून एका नव्या डोहाशी आली होती, आणि डोहावर चतुरच चतुर. लाल, निळे, पिवळे, काही नुसतेच भिरभिरणारे, काही बोरूच्या टोकाला बसून पंख तिरपे करणारे. झबाला होडीत उभीच राहिली.

"बाबा, बघा की किती चतुर! चांगलं पाणी आहे. इथेच उतरवू या म्हशी."

"खाली बस आधी. होडी उलथवशील." जहैश हसला. "त्यांना काय विचारतेस? त्यांना पंख आहेत. नाही पटलं पाणी तर जातील उडून. आपल्या म्हशीला पंख आहेत का?"

"म्हशीला कुठले पंख!"

"मग ज्याला पंख नाहीत त्याला विचारायचं."

असं म्हणून त्याने खजुराच्या पात्यांची रोवळी घेतली, तीच, जिच्यात आई तांदूळ धुवायची. ती बोरूच्या मुळांशी खोल खुपसली, हलवली आणि वर काढली. चिखल गळून गेला. तळाशी काड्या, दोन गोगलगाई आणि एक तपकिरी, कुरूप प्राणी राहिला. सहा पाय, बटबटीत डोळे, पंखांच्या जागी नुसते कोंब.

"शी! हे काय?"

"हे चतुराचं पोर."

झबालाला खरंच वाटेना. एवढ्या देखण्या चतुराचं पोर असं? जहैशने ते पाणी भरलेल्या कटोऱ्यात सोडलं आणि वर डासांच्या दोन-तीन अळ्या टाकल्या. पोर ढिम्म बसून राहिलं. एक अळी वळवळत जवळ आली मात्र, त्याच्या हनुवटीखालून घडी घातलेला एक हात सटकन बाहेर आला आणि अळी तोंडात. झबाला ओरडली. मग बापाने त्याला काडीने डिवचलं, तेव्हा ते शेपटीकडून पाण्याची पिचकारी मारून कटोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं. झबाला एवढी हसली की तिला उचकी लागली.

"हे कित्येक महिने पाण्याखालीच असतं," जहैश म्हणाला. "शेपटीने पाणी आत घेतं, त्यातूनच श्वास घेतं. पाण्यात मीठ वाढलं, घाण झाली, तर याला पळता येत नाही. मरतं. म्हणून हे जिवंत असेल तर पाणी जिवंत. आणि आता इकडे बघ."

त्याने बोरूच्या देठाकडे बोट केलं. पाण्यापासून वीतभर वर एक कात चिकटलेली होती. तसेच सहा पाय, तेच डोळे, पण आतून रिकामी, आणि पाठीवर उभी चीर. पोर मोठं झालं की एका पहाटे देठावर चढतं, पाठ फाटते आणि आतून ओले पंख घेऊन चतुर बाहेर येतो. कात तिथेच राहते. ज्या बोरूवर अशा काती, त्या डोहाचं पाणी निदान काही महिने तरी गोडं होतं, याची ती साक्ष.

"वर उडतो तो पाहुणा. वाऱ्यावर येतो, वाऱ्यावर जातो," बाप म्हणाला. "पाहुण्याला घरातलं काय माहीत? घरच्याला विचारावं."

पुढे तिचं लग्न लफ्ताशी झालं. सासू खवचट होती. नवी सून भाताच्या रोवळीने चिखल उपसते म्हणून तिने चारचौघींत नावं ठेवली. "हिच्या हातचा भात खाताना दातात बेडूक येईल एखाद दिवशी," ती म्हणायची. पण दोन उन्हाळ्यांनी तीच सासू शेजारणींना सांगू लागली, "आमच्या झबालाला बोलवा. ती हात घालते तिथलं पाणी खोटं निघत नाही." झबाला कुणालाही नाही म्हणत नसे. होडी घेऊन जायची, रोवळी बुडवायची, काती मोजायची आणि एका शब्दात सांगायची: उतरवा, किंवा नका उतरवू.

मग ती वाईट वर्षं आली. सरकारने वर बांध घातले, नद्यांचं पाणी दुसरीकडे वळवलं, आणि दोन उन्हाळ्यांत हौर कोरडी ठणठणीत झाली. बोरू पेटवून दिले. माणसं म्हशी विकून, होड्या जाळून गावोगाव पांगली. लफ्ताला एका शहराबाहेरच्या वीटभट्टीवर काम मिळालं. झोपडीसमोर उघडं गटार. त्यावर डासांचे थवे, आणि चतुर एकही नाही. येईल कसा? त्याच्या पोराला राहायला जागा नको? आणि पोर नाही म्हणून गटारात अळ्या माजलेल्या, चतुर नाही म्हणून वर डास माजलेले. झबाला हे रोज बघायची आणि तिचा जीव तुटायचा.

तिचा मुलगा छासिब तेव्हा पाच वर्षांचा होता. डासांनी त्याला झोप येत नसे. ती पदराने वारा घालत त्याला हौरच्या गोष्टी सांगायची. तिथे चतुर असतात. सहा पायांची टोपली करून उडता उडता डास पकडतात आणि तिथल्या तिथे खाऊन टाकतात.

"सगळे डास?"

"पोट भरेपर्यंत."

"मग आपण तिथे का जात नाही?"

यावर तिने गाणं रचलं.

*चतुर जिथं, गोडं पाणी तिथं,*
*उतर गं म्हशी, भय नाही इथं.*

एवढंच. पुढचं, पाण्याखालचं, तिला सांगायचं होतं. पण ते दाखवायला पाणी कुठे होतं? गटारात का हात घालणार? आणि दुसऱ्या ओळीपर्यंत छासिबचे डोळे मिटलेले असायचे. ते गाणं त्याची धाकटी बहीण वनसाही शिकली, भट्टीवरची इतर मुलंही शिकली. मुलांची गाणी अशीच असतात, छोटी आणि चटकन पाठ होणारी. त्यात कुणाचं काय चुकलं?

लफ्ता भट्टीच्या धुरात खोकून खोकून गेला. त्यानंतर काही वर्षांनी ते सरकार पडलं, तेव्हा लोकांनीच फावडी घेतली, बांध फोडले आणि पाणी परत आलं. झबाला दोन मुलांना घेऊन जुन्या जागी आली. पहिल्या वर्षी बोरूचे कोंब, दुसऱ्या वर्षी बेडूक, मग चतुर. तिने पहिली कात बोरूवर पाहिली त्या दिवशी ती होडीत बसून मोठ्याने रडली. चौदा वर्षांच्या छासिबला आईची लाज वाटली.

"आई, अगं किडा आहे तो. तोही मेलेला."

"मेलेला नाही रे, निघून गेलेला," ती म्हणाली आणि डोळे पुसून वल्हं मारू लागली. सांगायची वेळ होती ती. पण तेव्हा पाणी सगळीकडेच गोडं होतं. कुठेही म्हैस उतरवा, काही बिघडत नव्हतं. शिवाय तिला वाटायचं, पोराला माहीतच आहे. माझ्या पोटचा आहे, लहानपणापासून ऐकतोय, त्याला काय वेगळं सांगायचं?

एकीच्या दोन, दोनाच्या पाच, अशा अकरा म्हशी झाल्या. सगळ्यांत पुढची वर्दा, म्हणजे गुलाब. "मालकिणीचं नाव केर आणि म्हशीचं गुलाब! वा रे घर!" असं शेजारचा हज्जी झगैर नेहमी म्हणायचा. वर्दा पाण्यात शिरली की बाकीच्या दहा तिच्यामागे. आणि वर्दा शिरायची ती झबालाच्या हाकेवर. छासिबचं लग्न झालं, नशमिया घरात आली. नशमिया तोंडाची फटकळ पण हाताची चपळ. पहाटे दूध काढून साय जमवायची, शेणाच्या गोवऱ्या थापायची, आणि सासूशी दिवसभर गोड भांडायची.

मग पुन्हा पाणी आटू लागलं. या वेळी बांध नव्हते, वरच्या देशांतूनच नदी बारीक होऊन येत होती आणि समुद्राचं मीठ खालून वर सरकत होतं. दरवर्षी एक-दोन डोह मचूळ व्हायचे. झबाला रोवळी घेऊन जायची आणि अधिकाधिक वेळा म्हणायची, "नका उतरवू." छासिब होडी वल्हवायचा, पण तिच्या रोवळीकडे बघायचा नाही. त्याला ते आईचं जुनं खूळ वाटायचं. डोहावर चतुर दिसतायत, मग चिखल कशाला उपसायचा?

त्यात तिचे डोळे गेले. मोतीबिंदू. रोवळीतलं काही दिसेना, बोटांनी चाचपून ओळखावं लागे. वनसा बसऱ्याला दिली होती. तिने हट्टच धरला, "आई, ऑपरेशन करून घे. अर्ध्या तासाचं काम आहे."

"आणि म्हशी?"

"म्हशींचं ऑपरेशन नाही, तुमचं आहे," नशमिया मध्येच म्हणाली. "जा तुम्ही आत्याबाई. तीन आठवडे मला घरात एकटीला राज्य करू द्या."

ती गेली. ऑगस्ट होता. ऑगस्टात दाराचा खिळासुद्धा पेटतो म्हणतात. डॉक्टरांनी एका डोळ्याचं काम केलं, पट्टी बांधली आणि बजावलं, धूळ नको, वाकणं नको, हौरचं पाणी डोळ्याला लागता कामा नये. ती वनसाच्या घरी पंख्याखाली बसून कंटाळली.

इकडे घराजवळचा डोह नासला. म्हशींना हलवणं भाग होतं. दोन वाटा होत्या. एक, दूर पूर्वेला मोठ्या पाण्याकडे, दोन दिवसांची वाट, परक्या टोळीची हद्द, त्यांच्या शेखच्या पाया पडून परवानगी मागायची. दुसरी, दुपारपर्यंत पोचता येईल असा जवळचाच एक रुंद, उथळ डोह. हज्जी झगैरने आपल्या म्हशी पूर्वेकडे हाकल्या. "चल माझ्याबरोबर," तो छासिबला म्हणाला. "मान खाली घालायला मला नाही लाज वाटत, तुला कशाची वाटते?"

छासिब आधी जवळचा डोह बघून आला. त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता आणि वाऱ्याबरोबर पिवळसर चतुरांचा अख्खा थवा येऊन त्या डोहावर उतरला होता. हजारांनी. जोडीजोडीने उडत होते, माद्या शेपटीचं टोक पाण्याला टेकवून अंडी सोडत होत्या. इतके चतुर त्याने जन्मात पाहिले नव्हते. त्याने पाणी चाखलंही. जरासं मचूळ लागलं. पण त्या वर्षी सगळंच मचूळ लागत होतं, सगळ्यांच्या जिभा मिठाला सरावल्या होत्या.

त्याने बसऱ्याला फोन लावला.

"आई, पाणी सापडलं! जवळच. चतुरांचे नुसते ढग आहेत गं. तू बघायला हवं होतंस."

झबालाचा जीव भांड्यात पडला. "खरंच?"

"तोंडात जातायत बोलताना."

"मग काळजी मिटली," ती म्हणाली. "वर्दाला आधी उतरव. बाकीच्या येतील."

एवढंच बोलणं झालं. रोवळी घातलीस का, कात बघितलीस का, हे तिने विचारलं नाही. विचारायची गरजच तिला वाटली नाही. भाकरी केली म्हटल्यावर पीठ मळलंस का, असं कुणी विचारतं का? त्यानंतर बारा दिवस ती वनसाकडे मजेत होती. नातवंडांना चतुराचं गाणं शिकवलं. तळलेला मासा खाल्ला. एका डोळ्याने टीव्ही बघितला.

ती परत आली तेव्हा छासिब तिला थेट नव्या डोहावरच घेऊन गेला, कारण बिऱ्हाडही तिकडेच हलवलं होतं. होडीत तो तिच्याकडे पाठ करूनच वल्हवत होता. नशमिया काठावर उभी होती. तिने नेहमीसारखा टोमणा मारला नाही, तेव्हा झबाला होडीतून उतरायचीही थांबली नाही.

"दूध कसंय?" तिने विचारलं.

"दूध नाही आत्याबाई. चार दिवस झाले."

म्हशी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. बसल्या नव्हत्या. भर दुपारी म्हैस पाण्यात बसत नाही, हे झबालाने पहिल्यांदा पाहिलं. पट्टी निघाल्यापासून तिला त्या डोळ्याने स्वच्छ दिसत होतं. बोरूचं पान न् पान दिसत होतं. आणि एकाही देठावर कात नव्हती.

तिने डॉक्टरच्या बजावण्याची पर्वा केली नाही. रोवळी मागितली, पाण्यात उतरली आणि मुळांशी खुपसली. वर आला तो काळा, वास मारणारा चिखल. पुन्हा खुपसली. पुन्हा चिखल. जागा बदलून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. रोवळीत एक पोर नाही, एक गोगलगाय नाही. वरती मात्र अजून दहा-वीस पिवळे चतुर फिरत होते आणि चकाकत्या पाण्याला शेपट्या टेकवत होते. त्यांचीही फसगतच. चकाकतं ते पाणी, एवढंच त्यांना कळतं. शहरात तर ते मोटारीच्या टपावरसुद्धा अंडी घालतात. त्यांची इथली सगळी अंडी मेलेली होती, पण ते त्यांना कोण सांगणार?

"काय शोधतेस आई?" छासिबने काठावरून विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला कळलं, हा खरंच विचारतोय. याला माहीतच नाही.

"म्हशी बाहेर काढ," ती म्हणाली. "आत्ता. एकूण एक."

काढल्या. पण पूर्वेची वाट दोन दिवसांची होती आणि म्हशींच्या पायांत तेवढं बळ उरलं नव्हतं. टँकरचं पाणी माणसांपुरतं यायचं. ते तिने म्हशींना पाजलं, घरातल्यांनी घोट-घोट पिऊन दिवस काढले. पहिल्या दिवशी एक म्हैस गेली. तिसऱ्या दिवशी दोन. उरलेल्यांच्या डोळ्यांत पांढरी झाक उतरू लागली. वर्दाच्या दोन्ही.

नशमिया वर्दाचं तोंड मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने डोळे पुसत बसली होती. "तुमच्या त्या डॉक्टरला म्हशीचा मोतीबिंदू काढता येतो का हो?" ती म्हणाली, आणि मग तिला एकदम रडू फुटलं.

हज्जी झगैर पूर्वेकडून बातमी ऐकून आला. त्याच्या म्हशी धडधाकट होत्या. तो टोमणे मारायला आला नव्हता, पण तोंडातून गेलंच. "मी म्हटलं होतं पोराला. तर मला म्हणतो, हज्जी, मी झबालाचा मुलगा आहे, मला पाणी कळतं." असं म्हणून त्याने स्वतःचीच जीभ चावली आणि चहा न घेता उठला.

ते ऐकून झबालाला बसवेना. छासिब बोरूच्या भाऱ्यापाशी पाठ करून बसला होता. ती जाऊन त्याच्या शेजारी बसली. तिने त्याला आपल्या बापाने सांगितलेलं सगळं सांगितलं. पंख असलेला पाहुणा आणि पंख नसलेला घरचा. रोवळी, पिचकारी मारणारं पोर, बोरूवरची कात. सगळं, पहिल्यापासून. छासिब ऐकत होता. बत्तीस वर्षांचा, दाढीत दोन पांढरे केस आलेला माणूस, पण गुडघ्यांना मिठी घालून लहान मुलासारखा बसला होता.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते रे. भट्टीवर. गाण्याच्या पुढे हेच होतं."

"मग?"

"तुला झोप लागायची."

त्याने भाऱ्यातला एक बोरू ओढून मोडला.

"तू पाच वर्षांचा होतास," ती म्हणाली. "डास चावून चावून अंग सुजायचं तुझं. डोळा लागला की मला बरं वाटायचं. मी गप्प बसायचे."

"आणि नंतर? वीस वर्षं आई! वीस वर्षं मी तुझी होडी वल्हवली. तू चिखलात हात घालायचीस आणि मी मनात हसायचो. एकदा तरी कान धरून म्हणायचंस, गाढवा, इकडे बघ!"

"मला वाटलं, सांगितलंय."

"मी वर्दाला ढकललं त्यात," छासिब म्हणाला. "ती आत जात नव्हती. पाण्याला नाक लावून मागे फिरायची. मी मागून रेटलं तिला. दोनदा."

झबालाने त्याचं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं. चूक तुझी नाही, माझी आहे, असं ती म्हणत राहिली. पण असल्या गोष्टीत चूक एकाने उचलली म्हणून दुसऱ्याची हलकी होत नाही. दोघांनाही ती पुरून उरली.

आठ म्हशी राहिल्या. त्यांतल्या एकीलाही पुरतं दिसत नव्हतं. अशा म्हशी घ्यायला खाटकावाचून कोण येणार? छासिबने ठरवलं, म्हशी द्यायच्या आणि बिऱ्हाड घेऊन बसऱ्याला वनसाच्या आसऱ्याला जायचं. बंदरात हमालीचं काम मिळेल. झबालाने विरोध केला नाही. म्हैस गेली की घर जातं, हे तिला कुणी नव्याने सांगायला नको होतं.

खाटकाचा ट्रक सकाळी बांधाच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. मागे फळी लावली. पण या म्हशींचा पाय जन्मात फळीला लागला नव्हता, आणि आता तर दिसतही नव्हतं. ड्रायव्हरने दोर लावून ओढलं, छासिबने मागून हात लावला. वर्दाने खूर रोवले, मान झटकली, हंबरली. तिच्यामागे बाकीच्या सात बिथरल्या. एक तर बांधावरून खाली घसरली आणि पुढचे पाय मोडता मोडता वाचले.

"काठी आण," ड्रायव्हर म्हणाला.

"काठी नको," झबाला म्हणाली. "बाजूला व्हा सगळे."

ती फळीवरून वर चढली. ट्रकच्या अगदी आतल्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिने हाक मारली, रोज सकाळी पाण्यात उतरवताना मारायची तशीच, लांब आणि मऊ. "हो... हो... वर्दा... ये गं माझ्या बाई... हो..."

वर्दाचे कान वळले. तिने मान खाली केली, फळीला नाक लावलं, क्षणभर थांबली. मग एक पाय ठेवला. मग दुसरा. फळी करकरली तरी ती थांबली नाही. आवाजाच्या रोखाने येत येत तिने आपलं ओलं तोंड झबालाच्या काखेत खुपसलं आणि उभी राहिली. तिच्यामागे एकीमागून एक सातही चढल्या.

"वा, आजी!" ड्रायव्हर म्हणाला. "एवढ्या शहाण्या म्हशी मी नाही बघितल्या."

झबाला म्हशींच्या अंगांमधून वाट काढत, एकेकीच्या पाठीवर हात ठेवत खाली उतरली. फळी काढली. ती दूर झाल्याबरोबर आत धडपड सुरू झाली, शिंगं फळ्यांवर आपटू लागली.

"बोलत राहा आजी, बोलत राहा," ड्रायव्हर घाईने केबिनमध्ये चढत म्हणाला. "नाहीतर गाडी फोडतील."

मग ती ट्रकच्या बाजूने चालत हाका मारू लागली. म्हशी शांत झाल्या. ट्रक हलला, ती त्याच्याबरोबर चालली, मग जमेल तेवढी धावली, आणि दम संपल्यावर रस्त्याच्या मधोमध उभी राहून आवाज चढवून हाका मारत राहिली, म्हशी घाबरू नयेत म्हणून. ट्रक दिसेनासा झाल्यावरही ती हाका मारत होती. छासिब तिच्या मागे येऊन उभा होता. त्याने तिला थांबवलं नाही.